वाचक विचारतात: लंडनचा कालवा, बर्फाची विहीर आणि बोगद्यातली बोट

दोन अंकांपूर्वी लंडन कॅनॉल म्युझियमवर, म्हणजे तिथल्या कालव्याच्या संग्रहालयावर आणि त्याच्या बोटफेरीवर, मी इथेच जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे प्रश्न येतील असं खरंच वाटलं नव्हतं. पुण्यातल्या दर तिसऱ्या घरातलं कोणीतरी लंडनला आहे बहुतेक. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, कोणाचा राहिला असेल तर रागावू नका.

ताई, मुलगा लंडनला असतो, जुलैत दोन महिने चाललोय. तुम्ही लिहिलेली बोट म्हणजे थेम्सवरचीच ना? ह्यांचे गुडघे दुखतात, चढता-उतरता येईल का? (एक काकू, कोथरूड)

नाही काकू, इथेच सगळ्यांचा घोळ होतो. थेम्स ही नदी, तिथल्या क्रूझ मोठ्या, वर बसून टॉवर ब्रिजचे फोटो काढायचे वगैरे. ही बोट चालते रीजंट्स कॅनॉलवर, म्हणजे माणसांनी खणलेल्या कालव्यावर. हा कालवा १८२० साली पूर्ण झाला, लंडनच्या उत्तर भागातून वळणं घेत पॅडिंग्टनकडून लाइमहाउसपर्यंत जातो आणि तिथे थेम्सला मिळतो. म्युझियम किंग्ज क्रॉस स्टेशनपासून चालत आठ-दहा मिनिटांवर, बॅटलब्रिज बेसिन नावाच्या छोट्या गोदीच्या काठावर आहे. बोट अरुंद, नॅरोबोटच म्हणतात तिला, रुंदी सात फुटांच्या आत आणि लांबी मात्र आपल्या पीएमटीच्या बसपेक्षा जास्त असू शकते, आणि वेग म्हणाल तर काठावरून चालणारा माणूस पुढे निघून जातो. तासाला चार मैल ही वेगाची मर्यादाच आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी जाऊच नये.

जुलै म्हणजे तुम्ही अगदी बरोबर वेळ साधलीये. म्युझियममधून इस्लिंग्टन बोगद्यातून जाणाऱ्या फेऱ्या उन्हाळ्याच्या महिन्यांत असतात, तेही रोज नाही, ठरलेल्या दिवशी. तारखा दरवर्षी वेगळ्या, म्हणून मुलाला आत्ताच वेबसाइट बघायला सांगा आणि बुकिंग करून टाका, बोटीत माणसं थोडीच मावतात. गुडघ्यांचं म्हणाल तर काठावरून बोटीत एक-दोन पायऱ्या खाली उतरावं लागतं, आत गेल्यावर बसूनच राहायचं असतं. तरी बुकिंग करतानाच सांगून ठेवा. आणि काकांना स्वेटर द्या. बोगद्यात जुलैतसुद्धा गारठा असतो आणि छतातून पाणी ठिबकतं, मी हौसेने पुढच्या टोकाला बसले होते, मानेवर बरोब्बर एक थेंब पडला आणि मी एवढ्यांदा ओरडले की मागची सगळी मंडळी हसायला लागली.

बोगद्यात बघण्यासारखं काय आहे? अंधारच ना? (नाव नाही, फक्त 'एक शंकेखोर' असं लिहिलंय)

शंकेखोर साहेब, अंधारच आहे, पण तो कसा आहे ते ऐका. बोगदा ९६० यार्ड, म्हणजे साधारण ८७८ मीटर लांब, वर अख्खं एंजल आणि इस्लिंग्टन आहे, घरं, दुकानं, बस. पूर्ण सरळ खणलाय, त्यामुळे आत शिरताना पलीकडचं तोंड नाण्याएवढं दिसतं आणि ते हळूहळू मोठं होत जातं. एवढंच. पण आता असं बघा की आत काठाची पायवाट नाहीये. कालव्यावरच्या बोटी तेव्हा घोडा ओढायचा, काठावरून दोर लावून. बोगद्याला काठच नाही तर घोडा चालणार कुठे? मग घोडा सोडायचा, तो वरच्या टेकडीवरून चालत पलीकडे जायचा, आणि खाली बोटीवर आडव्या फळीवर दोन माणसं उताणी झोपून बोगद्याच्या भिंतींवर पाय टेकवत टेकवत बोट पुढे ढकलायची. याला लेगिंग म्हणायचे. मालाने भरलेली बोट, अंधार, आणि दोन माणसं भिंतीवर चालतायत. यात इतका वेळ जायचा की दोन्ही बाजूंना बोटींची रांग लागायची, म्हणून १८२६ मध्ये वाफेची टग, म्हणजे बाकीच्या बोटी ओढणारी बोट, आणली. कालव्याच्या तळाशी साखळी टाकलेली होती, ती साखळी पकडत पकडत टग स्वतःला पुढे ओढायची आणि मागे बोटींची माळ. धूर किती व्हायचा असेल याची कल्पना करा, त्या नळीत. हे असलं काम पुढे १९३०च्या दशकापर्यंत चाललं.

हे माहीत असेल तर अंधारात मजा येते. माहीत नसेल तर तुमचं बरोबर आहे, अंधारच आहे.

आमच्या दारातून कालवा वाहतो. लंडनवाले बोट फिरवतात, तर आपण मुठेच्या कालव्यात का फिरवत नाही? (एक वाचक, सिंहगड रोड)

हा प्रश्न मला फार आवडला, आणि असा तुमचा एकट्याचाच नाही. आपला मुठा उजवा कालवा खडकवासल्यातून निघतो. खडकवासला धरण १८७९ साली पूर्ण झालं. तिथून सिंहगड रोड, पर्वतीचा पायथा, स्वारगेट, हडपसर करत कालवा दौंड-इंदापूरकडे जातो. म्हणजे वयाने लंडनच्या कालव्यापेक्षा साठेक वर्षांनी लहान, पण जातच वेगळी आहे. आपला कालवा पाणी पोचवायला बांधलाय, त्यांचा माल पोचवायला. आपल्याकडे पाणी उताराने सतत वाहतं ठेवायचं असतं, आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक काळाने सोडायचं पाणी, सुटलं की जोर, बंद झालं की चिखल. त्यांच्याकडे पाणी जवळजवळ उभं असतं, म्हणून बोट दोन्ही दिशांना आरामात जाते. मग चढ-उताराचं काय, तर तिथे लॉक आहेत, पाण्याची लिफ्टच समजा. दोन दरवाजांच्या मधे बोट घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी सोडायचं किंवा भरायचं आणि बोट खाली-वर. रीजंट्स कॅनॉल अशा १२ लॉकमधून ८६ फूट खाली उतरतो. आपल्या कालव्यात लॉक नाहीत, त्यामुळे प्रवाहाबरोबर बोट हडपसरला गेली तर परत आणायला टेम्पो करावा लागेल.

बरं, भारतात बोटीचे कालवे झालेच नाहीत असं नाही हां. १८५४ मध्ये सुरू झालेला गंगा कालवा सिंचनाबरोबर बोटींसाठीही होता आणि चेन्नईचा बकिंगहॅम कालवा तर मुळात बोटींसाठीच वापरात होता. पण पुण्याचा नाही.

आणि एक, आपल्याकडे कालवा म्हटलं की लोकांना २७ सप्टेंबर २०१८ आठवतो, दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली आणि घरांत पाणी शिरलं तो दिवस. त्यात आता खडकवासला ते फुरसुंगी पाणी बोगद्यातून न्यायचं चाललंय, म्हणजे शहरातला उघडा कालवा पुढे काय होणार हा प्रश्नच आहे. मला विचाराल तर पर्वतीच्या पायथ्याशी एखादी खोली तरी करा, नकाशा लावा, जुने दरवाजे ठेवा, आवर्तन म्हणजे काय ते पोरांना कळू दे. पार्किंग करण्यापेक्षा बरं. जाऊ दे, विषय भरकटला.

तुम्ही लिहिलंत की म्युझियमच्या जमिनीखाली बर्फाची विहीर आहे. कालव्याचा आणि बर्फाचा काय संबंध? नातवाला सांगायचंय. (एक आजोबा, हडपसर)

आजोबा, म्युझियममधली सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे. ही इमारत मुळात बर्फाचं गोदाम, १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेलं. मालक कार्लो गाती, स्वित्झर्लंडहून लंडनला आलेला माणूस. तोपर्यंत आइस्क्रीम म्हणजे श्रीमंतांचं खाणं, याने ते एका पेनीत रस्त्यावर आणलं. लोक छोट्या काचेच्या पेल्यातून चाटून खायचे आणि पेला परत द्यायचे, तो नुसता विसळून पुढच्याला, आता अंगावर काटा येतो. पुढे रोगराईमुळे लंडनमध्ये त्या पेल्यांवर बंदीच आली.

आता फ्रिज नाही तर बर्फ कुठून? आधी गाती याच कालव्यावर थंडीत जमलेला बर्फ काढायचा, पण त्यावर भागेना आणि लंडनची थंडी बेभरवशाची. मग नॉर्वे. तिथे हिवाळ्यात तळी गोठली की बर्फाच्या लाद्या कापायच्या, जहाजाने थेम्सवर आणायच्या, लाइमहाउसला कालव्याच्या बोटींत चढवायच्या आणि लॉक चढत, त्याच बोगद्यातून या गोदामापर्यंत. इथे जमिनीत विटांच्या दोन प्रचंड गोल विहिरी, त्यात शेकडो टन बर्फ. वितळायचा नाही का? वितळायचा की, पण ढीग जेवढा मोठा तेवढं आतलं थंड राहतं, बाहेरची कड वितळते आणि गाभा टिकतो. उसाच्या रसवाल्याकडे गोणपाट आणि भुशात गुंडाळलेली लादी पाहिलीय ना, तेच, फक्त विहिरीएवढं.

नातवाला हेही सांगा की आपल्याकडेसुद्धा असा बर्फ आलाय, तोही अमेरिकेहून. १८३३ मध्ये बॉस्टनहून बर्फ भरलेलं जहाज कलकत्त्याला पोचलं, चार महिने समुद्रावर, विषुववृत्त दोनदा ओलांडून! नंतर मुंबईतही तो बर्फ यायला लागला. चेन्नईत मरीनाजवळ त्यासाठी बांधलेलं आइस हाउस अजून उभं आहे, विवेकानंद तिथे राहिले होते म्हणून आता ते त्यांच्या नावाने ओळखतात.

म्युझियममध्ये एक विहीर वरून वाकून बघता येते. वरच्या मजल्यावर घोड्यांचा तबेला होता, गाड्या ओढणाऱ्या घोड्यांचा, आणि ते वर जायचे उतारावरून. घोडा पहिल्या मजल्यावर, हे नातवाला नक्की आवडेल.

दिवाळीच्या सुट्टीत दोन मुलांना घेऊन जातोय. तेव्हा काही असतं का? (एक आई, वाकड)

ऑक्टोबरच्या शेवटी तिथल्या शाळांना पण आठवडाभर सुट्टी असते आणि हॅलोविन असतं, त्यामुळे त्या दिवसांत लंडनच्या म्युझियममध्ये मुलांसाठी काही ना काही चालू असतं, कॅनॉल म्युझियमचं कॅलेंडर तेवढं निघायच्या आधी बघा. बोटीवर मात्र विसंबू नका, हंगाम संपत आलेला असतो आणि हिवाळ्यात कालव्यांच्या दुरुस्तीची कामं काढतात, लॉक रिकामे करतात वगैरे. मुलांना म्युझियममधली बोटीची केबिन दाखवा. साधारण आपल्या बाथरूमएवढ्या जागेत चूल, पलंग, कपाट आणि अख्खं कुटुंब, चार-पाच पोरं धरून. पलंग म्हणजे कपाटाचं दार उघडून खाली पाडायची फळी. 'आम्हाला वेगळी खोली हवी' हे वाक्य माझ्या भाच्याने पुढचे दोन दिवस काढलं नाही.

स्टुडंट आहे, मार्चपर्यंतच लंडनमध्ये आहे, बजेट शून्य. बोट परवडत नाही. (सदाशिव पेठ, सध्या ईस्ट लंडन)

अरे मग चाल की. काठाची पायवाट फुकट आहे. कॅम्डन ते किंग्ज क्रॉस अर्ध्या-पाऊण तासात होतं. उलटीकडे रीजंट्स पार्कच्या बाजूला गेलास तर मॅकल्सफील्ड ब्रिज शोध. २ ऑक्टोबर १८७४ ला पहाटे तिथून जाणाऱ्या बोटीत दारूगोळा होता, तो उडाला, पूल उडाला, बोटीवरची माणसं गेली. पूल परत बांधताना जुनेच लोखंडी खांब वापरले पण फिरवून, त्यामुळे घोड्यांच्या दोरांनी पडलेले खाचे खांबांच्या दोन्ही बाजूंना आहेत, आधीचे एकीकडे, नंतरचे दुसरीकडे. बोटाने चाचपून बघ. आणि मुक्काम वाढला तर मे महिन्याच्या पहिल्या बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, पॅडिंग्टनजवळच्या लिटल व्हेनिसला जा, कॅनॉलवे कॅव्हलकेड असते, सजवलेल्या बोटी नुसत्या काठावर उभं राहून बघायच्या.

डबा न्यावा का? (परत कोथरूडच्या काकू)

न्या की. म्युझियम बघून किंग्ज क्रॉसच्या मागे ग्रॅनरी स्क्वेअरला जा, समोरची मोठी इमारत म्हणजे १८५२ सालचं धान्याचं कोठार, कालव्यातून बोटी थेट तिच्या पोटात शिरायच्या. तिथे कालव्याकडे उतरणाऱ्या रुंद पायऱ्या आहेत, लोक डबे उघडून बसलेले असतात. फक्त बदकांना पोळी घालू नका, जवळ आली की जात नाहीत.