वाचकांचे प्रश्न : अपडेट केले आणि बदल गेले

प्रश्न : एका संस्थेचे वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवरील संकेतस्थळ मी सांभाळतो. थीमच्या, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या, फाइलींमध्ये थेट फेरफार करून मी हेडरची मांडणी, फॉन्ट आणि रंग बदलले होते. गेल्या आठवड्यात थीम अपडेट केली आणि सगळे मूळ रूपात परत आले. यापुढे अपडेट करूच नये, असे वाटू लागले आहे. माझे नेमके काय चुकले?

उत्तर : अपडेट करण्यात आपले काही चुकलेले नाही, चूक झाली ती बदल कुठे ठेवायचे हे ठरवताना. थीमचे अपडेट म्हणजे जुन्या फाइलींत नव्या ओळींची भर, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात वर्डप्रेस थीमचे जुने फोल्डर काढून टाकते आणि त्या जागी नवे ठेवते. त्यातली कोणती ओळ मूळ लेखकाची आणि कोणती आपली, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो.

यावर उपाय म्हणजे चाइल्ड थीम. हे वेगळे फोल्डर असते आणि त्यातील ‘स्टाइल डॉट सीएसएस’ या फाइलीच्या माथ्यावरील टिपणीत ‘टेम्पलेट’ या शब्दापुढे मूळ थीमच्या फोल्डरचे नाव लिहिलेले असते. त्या एका ओळीवरून वर्डप्रेसला दोन्ही थीममधले नाते कळते : हेडरची फाइल चाइल्ड थीममध्ये असेल तर ती वापरली जाते, नसेल तर मूळ थीममधली. मूळ थीम कितीही वेळा अपडेट झाली तरी आपले फोल्डर जिथल्या तिथे राहते. मात्र जी फाइल बदलायची आहे तेवढीच तिथे आणावी, कारण कॉपी केलेली फाइल मूळ थीममधील पुढच्या सुधारणांना मुकते आणि सुरक्षेची एखादी दुरुस्ती नेमकी त्याच फाइलीत आली तर ती आपल्यापर्यंत पोहोचत नाही. अख्खी थीमच चाइल्ड थीममध्ये ओतून ठेवलेली संकेतस्थळे मी पाहिली आहेत. तिथे अपडेटने आवृत्तीचा आकडा तेवढा वाढतो.

केवळ रंग आणि फॉन्ट बदलायचे असतील तर एवढाही खटाटोप नको. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या वर्डप्रेसच्या ४.७ या आवृत्तीपासून कस्टमायझरमध्ये, म्हणजे रूप बदलण्याच्या पडद्यावर, आपले सीएसएस (रंग, फॉन्ट अशा रूपाच्या सूचना) लिहिण्याची सोय आहे. तो मजकूर डेटाबेसमध्ये साठतो, म्हणून थीमच्या अपडेटचा त्याला धक्का लागत नाही. तो थीमनिहाय साठतो, हे मात्र लक्षात असू द्यावे. दुसरी थीम लावली की तो लागू होत नाही, पण पुसलाही जात नाही.

गेलेले बदल शोधण्यासाठी बॅकअपमधील जुने फोल्डर आणि त्याच आवृत्तीची कोरी प्रत घ्यावी व फाइलींची तुलना करणाऱ्या एखाद्या साधनात दोन्ही शेजारी उघडावीत. आपण हात लावलेल्या ओळी तेवढ्या वेगळ्या उमटतील.

प्रश्न : सीएसएसमध्ये बदल करून फाइल सर्व्हरवर चढवली की मला नवे रूप दिसते, पण ग्राहकाला जुनेच दिसते. दर वेळी त्यांना कंट्रोल, शिफ्ट आणि आर ही बटणे एकत्र दाबायला सांगावे लागते.

उत्तर : ग्राहक आपले ऐकतो, संकेतस्थळाला भेट देणारे बाकीचे लोक ऐकणार नाहीत. त्यांच्या ब्राउझरने जुनी फाइल कॅशेमध्ये, म्हणजे स्वतःकडील तात्पुरत्या साठ्यात, ठेवली आहे आणि नाव तेच असल्याने ती पुन्हा मागण्याचे त्याला कारण दिसत नाही. म्हणून फाइल बदलली की तिचे नावच बदलावे. बहुतेक बिल्ड टूल (कोडपासून तयार फाइली बनवणारी साधने) फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली काही अक्षरे नावात आपोआप जोडतात. अशा फाइलींना कॅशेमध्ये राहण्यासाठी एक वर्षाची, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंदांची मुदत निर्धास्तपणे द्यावी. एचटीएमएलला, म्हणजे मूळ पानाच्या फाइलीला, मात्र ‘नो-कॅशे’ ही सूचना द्यावी. नाव काहीही सुचवो, तिचा अर्थ ‘साठवू नको’ असा नसून ‘वापरण्याआधी सर्व्हरला विचार’ असा आहे.

प्रश्न : होस्टिंग कंपनीने पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे ती) ७.४ बंद करणार असल्याचे कळवले. मी ८ मालिकेतील आवृत्ती निवडताच संकेतस्थळ पांढरे पडले, म्हणून घाईने परत ७.४ वर आलो. आता पुढे काय करावे?

उत्तर : परत फिरलात ते योग्यच केलेत, पण तिथे मुक्काम करता येणार नाही. ७.४ चा आधार २८ नोव्हेंबर २०२२ रोजी संपला. त्यानंतर सापडलेल्या त्रुटींची दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडून त्या आवृत्तीसाठी येत नाही.

पांढरे पान म्हणजे पीएचपीने मध्येच काम थांबवले, पण कारण पडद्यावर दाखवले नाही. कारण जाणून घेण्यासाठी वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलीत डीबग आणि डीबग लॉग हे दोन पर्याय सुरू करावेत व पडद्यावरील प्रदर्शन बंद ठेवावे. मग प्लगइनच्या, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेल्या वाढीव सुविधेच्या, कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीवर गाडे अडले, हे लॉगमध्ये स्पष्ट दिसते. ‘क्रिएट फंक्शन’ आणि ‘ईच’ ही दोन जुनी फंक्शने ८.० मध्ये काढून टाकली गेली आणि वर्षानुवर्षे न सुधारलेल्या प्लगइनमध्ये ती हमखास सापडतात. वर्डप्रेसच्या ५.२ या आवृत्तीपासून असा बिघाड झाला की व्यवस्थापकाच्या ईमेलवर दुरुस्तीची लिंकही जाते. ती ईमेलपेटी एकदा तपासावी, स्पॅमसकट.

पांढऱ्या पानापेक्षा मला भीती वाटते ती न दिसणाऱ्या बदलांची. शून्य हा अंक आणि ‘उपलब्ध नाही’ हा मजकूर यांची दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर ७.४ पर्यंत पीएचपी दोन्ही समान मानत असे, ८.० पासून ते असमान ठरतात. नवे उत्तर अधिक शहाणपणाचे आहे, यात वाद नाही. पण एखाद्या फॉर्मची तपासणी नकळत जुन्या उत्तरावर बेतलेली असेल, तर कोणताही त्रुटीसंदेश न येता निकाल तेवढा उलटतो. म्हणून स्टेजिंगवर, म्हणजे संकेतस्थळाच्या वेगळ्या चाचणी-प्रतीवर, मुखपृष्ठ उघडते एवढे पाहून थांबू नये. फॉर्म भरून पाहावा, शोध घेऊन पाहावा, पैसे भरण्याची सोय असल्यास तीही चाचणी पद्धतीने चालवून पाहावी.

क्रमही महत्त्वाचा आहे : आधी बॅकअप, मग वर्डप्रेस, मग प्लगइन व थीम, आणि पीएचपी सर्वांत शेवटी. प्लगइनच्या नव्या आवृत्त्या बहुधा जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पीएचपीवर चालतात. उलट जुन्या प्लगइनला नव्या पीएचपीची ओळखच नसते. ज्या प्लगइनला लेखकच उरलेला नाही, त्याला पर्याय शोधावा. तो डागडुजी करून चालवण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रश्न : आमच्या प्रकल्पात कोणीही काही बदललेले नाही. तरी सहकाऱ्याच्या संगणकावर बिल्ड होते, माझ्याकडे होत नाही. आम्ही दोघेही एनपीएम (तयार कोडची पॅकेजे बसवणारे साधन) वापरतो.

उत्तर : बदल आपण केला नसेल, पण पॅकेजच्या लेखकांनी केला असावा. पॅकेजच्या यादीत आवृत्तीआधी कॅरेटचे (^) चिन्ह असते. ४.२.१ च्या आधी ते असेल तर ४.२.१ पासून ५.०.० च्या अलीकडची कोणतीही आवृत्ती चालेल, असा त्याचा अर्थ होतो. सहकाऱ्याने तीन महिन्यांपूर्वी इन्स्टॉल केले आणि आपण काल, म्हणजे दोघांकडे वेगवेगळा कोड असू शकतो. पहिला आकडा तोच असताना जुने काही मोडणार नाही, हा लेखकाने दिलेला शब्द आहे, आणि तो नकळत मोडला जातो.

नेमकी आवृत्ती ‘पॅकेज-लॉक’ या फाइलीत नोंदवलेली असते. ती फार लांबलचक दिसते म्हणून काही जण गिटमधून, म्हणजे कोडच्या सामायिक नोंदीतून, वगळतात; आपल्याकडेही तसेच झाले आहे का, ते आधी पाहावे. सहकाऱ्याकडील चालणारी लॉक फाइल गिटमध्ये घालावी आणि आपल्याकडे ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा द्यावी. ती आधीचे नोड मॉड्यूल्सचे, म्हणजे बसवलेल्या पॅकेजचे, फोल्डर काढून लॉक फाइलीत लिहिलेल्या आवृत्त्याच बसवते, आणि यादी व लॉक फाइल यांत मेळ नसेल तर काम न करता थांबते. तरीही बिल्ड अडले, तर दोघांच्या संगणकांवरील नोडची, म्हणजे एनपीएम ज्यावर चालते त्या प्रणालीची, आवृत्ती ताडून पाहावी.