आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांवर) लागलेल्या मुलांची शाळेने वेगळी तुकडी केली आणि वर पैसेही मागते आहे. तक्रार कुठे करावी?

दोन्ही बेकायदा आहे. पण अर्जात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मांडा, कारण कलमं वेगळी लागतात.

आधी तुकडी. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 12(1)(सी) मध्ये दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या 25 टक्के जागांचा हेतूच मुलं एका बाकावर बसावीत हा आहे. दुर्बल आणि वंचित घटकातल्या मुलांशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी कलम 9(सी) ने स्थानिक प्राधिकरणावर (महापालिका, जिल्हा परिषद अशा संस्थांवर) टाकली आहे. हजेरी घेताना ‘आरटीईवाले उभे राहा’ म्हणणं हा कलम 17 खाली मानसिक छळाचा मुद्दा होऊ शकतो.

आता पैसे. शिक्षणात अडसर ठरेल अशी फी, शुल्क किंवा खर्च मुलाकडून घेता येत नाही, असं कलम 3 सांगतं. ‘ॲक्टिव्हिटी’, ‘स्मार्ट क्लास’ ही नुसती नावं. ‘सरकारकडून प्रतिपूर्ती (या मुलांच्या फीची भरपाई) आलेली नाही’ हे शाळेचं उत्तर बऱ्याचदा खरं असतं. विद्यार्थ्यामागे 17,670 रुपयांचा दर आणि तोही वर्षानुवर्षं थकलेला. तरी ते भांडण शाळा आणि सरकार यांचं. तुमच्या मुलीच्या दप्तरात त्याची चिठ्ठी का यावी?

तक्रारी बहुतेक पुराव्याअभावी पडतात. मागणी तोंडी होते, रोकड पाकिटातून जाते. व्हॉट्सॲपवरची सूचना जपून ठेवा, पैसे द्यावेच लागले तर पैसे कशाचे हे लिहिलेली पावती मागा. ‘शाळा त्रास देते’ असं मोघम लिहू नका. तारीख, तुकडी, रक्कम लिहा. दोन-चार पालकांच्या सह्या असल्या तर एकट्या मुलावर राग निघत नाही.

पहिला अर्ज मुख्याध्यापकांना द्या आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या. आठवडाभरात हालचाल नसेल तर ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. अर्जात कलम 32 चा उल्लेख हवाच: त्यानुसार म्हणणं ऐकून 3 महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. थेट मंत्र्यांना पाठवलेला अर्ज फिरून पुन्हा याच टेबलावर येतो, मधले महिने वाया.

एक सापळा ओळखून ठेवा. आठवीपर्यंत नाव काढता येत नाही (कलम 16), म्हणून काही ठिकाणी पालकांकडूनच ‘स्वेच्छेने दाखला नेत आहे’ असं लिहून घेतात. त्या कागदावर सही करू नका. नववीपासून मात्र मोफत शिक्षणाची सवलत संपते, तेव्हा त्या फीची तजवीज आतापासून करा.