ठाण्याच्या बाल्कनीत अल्स्ट्रोमेरिया

कंद मागवण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. हे दक्षिण अमेरिकेतलं झाड, आणि कळ्या धरायला त्याला मुळांशी गारवा लागतो. माती सतत २० अंशांच्या वर तापलेली राहिली की नुसता पाला वाढतो. म्हणून ठाण्यात लागवड नोव्हेंबरमध्येच करा, पूर्वेच्या बाल्कनीत, सकाळचं चार तास ऊन मिळेल अशी. काळी प्लास्टिकची कुंडी नकोच, ती तापते. १२ इंची मातीची घ्या आणि वर नारळाच्या सोडणांचं आच्छादन घाला.

दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड रेती. कंद आडवा, दोन इंच खोल. जाड मुळं मोडू देऊ नका, झाडाची शिदोरी त्यांतच असते.

पानं देठाशी पिळून उलटी होतात, तो रोग नव्हे, जातीचा गुणच आहे.

फुलाचा दांडा पहिल्या वर्षी कात्रीनेच कापा. पुढे कंद घट्ट रुजला की तळाशी धरून हलक्या झटक्याने ओढून काढा, म्हणजे नवे कोंब जोमाने येतात. चिकाने खाज सुटते, हातमोजे हवेतच.

जूनमध्ये कुंडी छपराखाली हलवा. ठाण्याच्या पावसात ती उघड्यावर राहिली तर कंद कुजतो.