रविवार सोडून बाकीच्या दिवसांत ख्रिस्ती विश्वास जगायचा कसा?

तुम्ही विचारलंय की रविवारी उपासनेला जातो, रोज प्रार्थनाही होते, पण घरी आणि ऑफिसात आपलं वागणं चारचौघांसारखंच. मग विश्वास दिसतो कुठे? मी काही पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. माझं काय झालं तेवढं सांगतो.

एकदा टाळायचा होता असा एक फोन आला. मुलगी शेजारी अभ्यास करत बसली होती. मी तिलाच म्हटलं, "सांग, बाबा अंघोळीला गेलेत." तिने सांगितलं, फोन ठेवला आणि विचारलं, "मग आता जाताय ना अंघोळीला?" बहुतेक तिला आपण खोटं बोललो असं व्हायला नको होतं. मी मुकाट्याने गेलो. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं. हा अध्याय मी मंडळीसमोर वाचून दाखवलेला माणूस!

चोरी नाही, व्यसन नाही, म्हणून मी स्वतःला पास करून टाकलं होतं. माझी गडबड "निघालोच आहे" छापाच्या बोलण्यात होती.

आमचं घर प्रोटेस्टंट, तरी एक युक्ती मी कॅथलिकांकडून उचलली. कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांचं साधनेचं पुस्तक १५४८ साली छापलं गेलं. त्यात ते सांगतात, एकच दोष निवडा, प्रत्येक वारासाठी वहीत ओळी आखा, घसरलात की ठिपका द्या आणि आजचे ठिपके कालच्यांशी ताडून बघा. मी खोटं बोलणं निवडलं. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंतच पाच ठिपके. वही मात्र कोणाला दाखवू नका; दार लावून प्रार्थना करा असं येशूने सांगितलंय, ते यालाही लागू आहे.

त्याच पाचव्या अध्यायातली दुसरी गोष्ट जास्त जड गेली. वेदीपाशी अर्पण आणलंत आणि आठवलं की भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करा. त्याच्या मनात, बरं का. मी ते कित्येक वर्षं उलटं वाचत होतो, म्हणजे मला ज्यांचा राग येतो त्यांना माफ केलं की झालं. माझ्या चुकीचं खापर एका सहकाऱ्यावर फुटलं तेव्हा मी गप्प बसलो होतो. शेवटी साहेबांना खरं सांगितलं, मग त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "मला माहीत होतं." पुढे काहीच बोलला नाही. आमचं पूर्वीसारखं झालेलं नाही, आणि तसं व्हावं असा आग्रह धरायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

तुम्ही सुरुवात खोट्यापासूनच करा असं नाही. घरच्यांना विचारा, ते दोष लगेच सांगतील.

हल्ली नको असलेला फोन आला तर मी स्वतः उचलून "आत्ता बोलायला जमणार नाही" म्हणतो. मुलगी अजून कान टवकारून ऐकते.