मोट, नाडा, विहीर, दोरी

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

आषाढीला रजा मिळाली नाही, वारी चुकली, त्या दिवशी लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले, असं तू लिहिलंस. खाली 'आता देवाचं काही उरलंच नाही' हे वाक्य होतं. तेवढ्यासाठी हे पत्र.

सावता माळी अरणचे. पंढरपूर तिथून काही फार लांब नाही, तरी ते मळा सोडून तिकडे गेले नाहीत असं परंपरा सांगते. 1295 मध्ये त्यांनी अरणलाच समाधी घेतली. त्यांचा कांदा-मुळ्याचा अभंग तुला पाठ आहे. सगळे भाजीपाशीच थांबतात. मला मात्र त्यातली पुढची ओळ जास्त जवळची वाटते : 'मोट नाडा विहीर दोरी, अवघी व्यापिली पंढरी.'

तू मोट पाहिलेली नाहीस. माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर होती. बैल धावेच्या उतारावरून खाली उतरले की नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, ताणला जायचा आणि कातड्याची मोट पाण्याने भरून वर यायची. बैल जुंपण्याआधी वडील त्या जाड दोरावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवायचे. झिजलेला पीळ डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतो. भरल्या मोटेला नाडा तुटला तर बैल तोंडावर आपटतात. वडील तेव्हा कुणाशी बोलत नसत. देवघरातही मी त्यांना इतकं एकाग्र पाहिलं नाही. सावतोबांना पंढरी त्या दोरात कशी दिसली असेल, हे मला वडिलांच्या बोटांवरून कळलं.

तुझी नळी म्हणजे तो नाडा आहे, पोरी. चिठ्ठी लावण्याआधी तिच्यावरचं नाव पूर्ण वाच, आडनावासकट. ज्याचं नाव आहे तो बाहेर बाकावर उपाशीपोटी बसलाय. घाई असेल त्या दिवशी तर नक्की वाच. सध्या एवढंच कर, बाकीचं आपण सावकाश बोलू.

गाडगेबाबा पंढरपूरला जायचे, पण राऊळात न जाता हातात खराटा घेऊन वाळवंट झाडायचे. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, देऊळ एकही बांधलं नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. 'देव सगळीकडे आहे' हे वाक्य स्वतःला सांगायचं. दाराबाहेर ठेवलेल्या माणसाला ते ऐकवायचं नाही. चोखोबांना आत घेतलं नाही. त्यांची समाधी आजही नामदेव पायरीपाशी आहे. विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून 1947 मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. तेव्हा, लॅबमध्ये फरशी पुसणाऱ्या मावशींना 'तुमचं काम हीच पूजा' असं म्हणू नकोस. त्यांना हातमोजे मिळतात का, ते बघ. मिळत नसतील तर साहेबांकडे जाऊन भांड.

आषाढीनंतर विठ्ठलाची पालखी सावतोबांना भेटायला अरणला येते. कार्तिकीला रजा मिळाली तर पंढरपूरच्या आधी मोडनिंबला उतर, तिथून अरण जवळच आहे. मी स्टँडवर येईन. माझा गुडघा आता बरा आहे, तेवढं चालवतं.

तुझा,
काका