शनिवारची सही

अरे बाळा,

काल तू गेल्यावर बघितलं तर चहा तसाच साय धरून पडलेला. तासभर बसलास आणि बोललास कधी, तर बूट घालताना. "काका, सेकंड इंजिनिअर म्हणतो रेस्ट अवर्सच्या शीटवर दहा तास विश्रांती टाकून दे, नाहीतर पोर्टात इन्स्पेक्टर आला की शिप अडकेल." मग? जे झालं नाही ते लिहायचं नाही.

सगळेच लिहितात हे मला ऐकवू नकोस, मी त्या सगळ्यांतलाच होतो. फोर्थ इंजिनिअर असताना इमर्जन्सी जनरेटर माझ्याकडे होता, दर शनिवारी चालवून बघायचा. बॅटरीवर चालवायचोही, पण दुसरी पद्धत म्हणजे हायड्रॉलिक हातपंप, तो त्या गरमीत कोण मारणार, म्हणून ते नुसतं लिहायचो, "दोन्ही पद्धतींनी चालू केला, ओके." मग युरोपातल्या एका बंदरात इन्स्पेक्टर चढला, बॅटरी बाजूला करायला लावली आणि म्हणाला, आता कर चालू. मी पंप मारतोय मारतोय, काटा चढतो आणि हात थांबला की परत खाली, कुठल्यातरी सीलमधून तेल गळत होतं, किती महिने ते देव जाणे. तो ओरडलासुद्धा नाही रे. लॉगबुक मागवलं आणि माझ्या मागच्या शनिवारच्या ओळीवर पेनाचं टोपण ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मेन पॉवर गेली की 45 सेकंदांत त्या जनरेटरने लोड उचलायचा असतो, पहिलं स्टार्टिंग फसलं तर दुसरं हवंच, आमचं दुसरं फक्त माझ्या अक्षरात होतं. रिपोर्टवर 30 नंबरचा कोड, म्हणजे डिटेन, जहाज बंदरातच अडकलं. तीन दिवस.

आणि तुझी शीट त्याहून सोपी आहे पकडायला. 24 तासांत 10 तास आणि 7 दिवसांत 77 तास विश्रांती, त्या दहाचे जास्तीत जास्त दोन तुकडे, एक तरी 6 तासांचा, हे इन्स्पेक्टरला पाठ असतं. तू लिहिणार रात्री 2 ते 8 झोप, अलार्मच्या प्रिंटआउटवर तुझ्या ड्युटीच्या रात्री 3:10 ला कोणीतरी अलार्म घेतलेला, आणि ऑइल रेकॉर्ड बुक, म्हणजे जहाजावरच्या तेलाची नोंदवही, सांगणार की तेव्हा बंकरिंग, इंधन भरणं, चालू होतं. मग मॅनिफोल्डवर, जिथे तेलाचा पाइप जोडतात तिथे, काय भूत उभं होतं? खरी शीट भरलीस तर कॅप्टनला ऑफिसला उत्तर द्यावं लागतं की माणसं कमी का पडतात, सेकंडची भीती ती आहे. झालं नाही ते लिहू नकोस.

गंमत सांगतो, युरोपातल्या देशांनी 1978 मध्ये पहिला करार केला तो खलाशांचं राहणं, खाणं, कामाची परिस्थिती बघायला. तो लागू होणार तेवढ्यात त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर अमोको कॅडिझ हे तेलवाहू जहाज फुटलं, दोन लाख टनांहून जास्त तेल समुद्रात, मग सेफ्टी आणि प्रदूषण त्यात आलं आणि 1982 मध्ये पॅरिस एमओयू झाला, बंदरात जहाजं तपासायचा करार. म्हणजे तो इन्स्पेक्टर मुळात तुझ्या झोपेसाठीच चढतोय, आणि तू त्यालाच फसवणार.

तुझे बाबा म्हणतील गप सही कर, नोकरी सांभाळ. चिडू नकोस, नाशकात पाणी म्हणजे गंगा, आपली गोदावरी, नाहीतर गंगापूर धरण, त्यांना ऑइल रेकॉर्ड बुक कुठून कळणार. मी पुढे सेकंड असताना एकदा त्याच बुकावर सही नाकारली, कारण समुद्रात सोडायच्या पाण्यातलं तेल वेगळं करणाऱ्या सेपरेटरच्या 15 पीपीएमच्या मीटरला गोडं पाणी पाजून गप्प बसवलं होतं. पुढचं कॉन्ट्रॅक्ट आलं नाही. सात महिने घरी, गंगापूर रोडला सकाळी फिरायला गेलो की लोक विचारायचे, "सुट्टी संपली नाही का अजून?" घर काकूच्या शाळेच्या पगारावर चाललं, ती आजही म्हणते एका सहीने काय बिघडलं असतं. बिघडलं असतं. तिला ते पटवता आलं नाही तो माझा दोष, पण सही नाकारली त्यात माझं काही चुकलं नाही, हे मी तिलाही सांगतो आणि तुलाही.

असो. सोमवारी परत जॉइन होतोयस ना, पहिल्याच शनिवारी बॅटरी बाजूला करून हातपंपाने जनरेटर चालू कर आणि किती पंप मारावे लागले ते मला व्हॉट्सॲपवर कळव. नाही झाला चालू, तर तसं लिही आणि त्या पानाचा फोटो पाठव.

काका