वाचक विचारतात : सातवा दिवस, महिन्याची मिस आणि फाडलेला सदरा

प्रश्न : शेजारच्या ख्रिस्ती घरात मयत झालं. इगर्जेत ‘आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका’ असं वचन वाचलं गेलं. ज्यू लोक मात्र सात दिवस बसून शोक पाळतात म्हणे. जुना करार तर दोघांचाही. मग हा फरक कसा? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : वचन पौलाचं आहे, थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, 4:13. ऐकणारे त्यातलं ‘शोक करू नका’ एवढंच घरी नेतात, तिथे घोटाळा होतो. पौल रडायला बंदी करत नाही, रडताना पुनरुत्थान विसरू नका म्हणतो. मित्र लाजरच्या थडग्याकडे जाताना येशू स्वतः रडला (योहान 11:35). पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याला पुरताना भक्तिमान माणसांनी मोठा विलाप केला (प्रेषितांची कृत्ये 8:2).

फरक आहे तो दिवसांचा. हिब्रू शास्त्रात योसेफ बापासाठी, याकोबासाठी, 7 दिवस शोक करतो (उत्पत्ती 50:10), मोशेसाठी लोक 30 दिवस रडतात (अनुवाद 34:8). शोकाला कुंपणही आहे : मेलेल्यासाठी अंगावर वार करून घेऊ नयेत, कपाळावरचे केस भादरू नयेत (अनुवाद 14:1). याजकाने अगदी जवळच्या नात्यापुरतंच प्रेताजवळ जावं, महायाजकाने आईबापासाठीही नाही (लेवीय 21). इथे आपल्याकडच्या वाचकाला सुतक आठवतं. पण सुतक मुंबईत बसलेल्या भाऊबंदालाही लागतं; हा विटाळ प्रेताच्या सान्निध्याचा आहे.

पुढे रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) याच्या पायऱ्या बांधल्या : ‘शिवा’ 7 दिवस, ‘श्लोशिम’ 30 दिवस, आईबापासाठी 12 महिने. मोजणी पुरण्यापासून. पुरलं तो दिवस पहिला, आणि सातव्या दिवशी सकाळी थोडा वेळ बसलं की तो पुरा. म्हणजे सोमवारी पुरलं तर रविवारी सकाळी उठायचं. मधला शनिवार, म्हणजे ज्यूंचा शब्बाथ, मोजतात, पण त्या दिवशी उघड शोक नाही. पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं, त्यात उकडलेली अंडी किंवा मसूर. (मयतानंतर बसक्या मेजावर मासे-अंडी खाणं ही ज्यूपणाची खूण म्हणून पोर्तुगीज इन्क्विझिशन या धर्मन्यायासनाच्या 1536च्या यादीत होती. ते न्यायासन गोव्यात 1560 साली आलं.) भेटायला गेलात तर घरचा माणूस बोलेपर्यंत गप्प बसायचं. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री तसेच बसले (ईयोब 2:13). तोंड उघडलं आणि बिघडलं.

नव्या करारात एकही दिवस नेमलेला नाही. मग सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस, म्हणजे इगर्जेतला प्रार्थनाविधी, आली कुठून? जुन्या करारातल्या त्याच आकड्यांवरून. 395 साली सम्राट थिओडोसियसच्या चाळिसाव्याला मिलानचे बिशप अँब्रोज सांगतात, की कुणी तिसरा आणि तिसावा दिवस पाळतं, कुणी सातवा आणि चाळिसावा. चाळिसासाठी त्यांचा आधार याकोबाच्या मरणानंतरच्या 40 दिवसांचा (उत्पत्ती 50:3). शेजाऱ्यांच्या तिसाव्या दिवसामागे अशी मोशेची आसवं आहेत.

प्रश्न : शोकात कपडे फाडायचे म्हणजे नेमकं काय करतात? – एक वाचक, फोंडा

उत्तर : शास्त्रात नुसती कृती आहे : याकोब वस्त्रं फाडून कमरेला गोणपाट गुंडाळतो (उत्पत्ती 37:34). माप नंतरचं. आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा-बायको यांच्यासाठी, उभं राहून, गळ्यापासून खाली चार बोटं, साधारण 8 सेंमी. सुरुवातीला ब्लेडने छेद दिला तरी पुढे हाताने फाडायचं. शिवण उसवली तर ते धरत नाहीत. कापडच फाटायला हवं. आईबापासाठी डावीकडे, काळजावर, इतरांसाठी उजवीकडे. इतरांसाठीचा चिरा 7 दिवसांनी कच्चा टाचतात, 30 दिवसांनी पक्का शिवतात. आईबापांचा 30 दिवसांनी फक्त टाचायचा, नीट शिवायचा कधीच नाही. हल्ली बरेच जण काळी फीत लावून तीच कापतात. सोय आहे, पण फीत फेकली की चिराही गेला.

ख्रिस्ती लोकांनी ही चाल घेतली नाही. ‘वस्त्रं नको, अंतःकरण फाडा’ हे मात्र हिब्रू संदेष्टाच म्हणतो (योएल 2:13), तेही पश्चात्तापाबद्दल.

प्रश्न : मेलेल्यासाठी मिस सांगायला शास्त्राधार आहे का? माझे प्रॉटेस्टंट सहकारी नाही म्हणतात. – एक वाचक, मडगाव

उत्तर : कोणतं बायबल हातात आहे त्यावर ठरेल. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात (12:43) ज्यू सेनापती यहूदा लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी 2,000 द्राख्मा चांदी गोळा करून पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो. कॅथलिक बायबलमध्ये हे पुस्तक आहे. प्रॉटेस्टंटांच्या 66 पुस्तकांत नाही, ज्यूंच्या शास्त्रातही नाही. ज्यू तरीही आईबापांसाठी 11 महिने ‘कद्दीश’ ही प्रार्थना म्हणतात. त्यात मरणाचं नाव नाही. पहिल्या शब्दापासून नुसती देवाची थोरवी.